अर्धा उचललेला दगड

सोनं खणायच्या परवान्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत एक अट असते. मुदत संपायच्या आत जमीन होती तशी करून द्यायची. खड्डे बुजवायचे, दगडांचे ढीग मोडायचे, झोपडी काढून न्यायची, ओढ्याला त्याच्या जुन्या वाटेनं जाऊ द्यायचं. बाबांचा परवाना सप्टेंबरच्या तीस तारखेला संपत होता आणि बाबा एप्रिलमध्येच गेले. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

सव्वीस उन्हाळे त्यांनी कार्नेओया ओढ्याच्या वळणावर खणलं होतं. केमी गावच्या शाळेत ते सुतारकाम शिकवायचे. मेअखेर शाळा सुटली की पाठीवर पिशवी बांधून उत्तरेला निघायचे आणि ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, दाढी वाढलेली, बोटांना चिरा पडलेल्या, असे परत यायचे. निवृत्तीनंतर तर बर्फ वितळल्यापासून बर्फ पडेपर्यंत ते तिथेच असत. आमच्या ओढ्यावर यंत्र चालत नाही. फावडं, पहार, परात, माती धुवायची लाकडी पन्हळ आणि स्वतःची पाठ, एवढ्यावर जे निघेल ते तुमचं. बहुतेकांचं जे निघतं त्यात कॉफी आणि बूट भागतात.

मार्चमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोनच शब्द उरले होते: ‘दगड’ आणि ‘खाली’. नर्सला वाटायचं, उशी खाली करायची आहे. ती बिचारी दर वेळी करायची आणि बाबा डाव्या हातानं गादीवर मारायचे. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी विचारलं, ‘गाय? गाईखाली बघू?’ त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, ‘बघते. खड्डा बुजवायच्या आधी तिच्याखाली बघते.’ त्यांनी माझं मनगट धरलं आणि जेवणाची गाडी येईपर्यंत सोडलं नाही.

गाय म्हणजे त्यांच्या खड्ड्यातला सगळ्यात मोठा दगड. ओढ्यावर मोठ्या दगडांना नावं असतात. वरच्या अंगाला, शेजारच्या कौकोच्या जागेत एक पाद्रीबुवा आहे. खालच्या बाजूला एक सासू होती, ती तिघांनी मिळून लोळवली. आमची गाय खरंच बसलेल्या गाईसारखी दिसायची. पाठ रुंद, आणि एका टोकाला मान वळवल्यासारखा उंचवटा. सोनं जड. पुराच्या पाण्यात ते वाळूच्याही खाली जातं, तळाच्या कातळाला टेकतं आणि मोठ्या दगडाच्या आडोशाला अडकून बसतं. म्हणून आमचं अर्धं काम खणायचं आणि अर्धं दगड हलवायचं. बाबांनी वळणावरचे सगळे दगड हलवले होते. गाईच्या चारी बाजूंनी कातळापर्यंत खणलं होतं. पण गाय तेवढी सोडली होती. खड्ड्याच्या मधोमध ती तशीच बसलेली. ओढ्यावरची माणसं टोमणे मारायची. ‘विल्होची गाय भाकड आहे का रे? रोज गोठा झाडतो, पण धार काही काढत नाही.’ बाबा हसायचे नाहीत. ‘तिची वेळ आली की बघू,’ एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, लहान मुलं ताटातला गोड घास शेवटी खातात तसं त्यांनी तिला राखून ठेवलं आहे.

नऊ वर्षांपूर्वीच्या जुलैत आई गेली. कर्करोग जुना होता, शेवट मात्र भराभर आला. ओढ्यावर फोन लागत नाही. निरोप द्यायचा तर नदीकाठच्या दुकानात फोन करायचा. दुकानवाली चिठ्ठी लिहिते आणि वर जाणाऱ्याच्या हाती देते. त्या आठवड्यात वर जाणारा होता साम्मोल. त्याचा रेनडियरचा कळप आहे आणि ते पिल्लांच्या कानांवर खुणा करायचे दिवस होते. रविवारी आई मला म्हणाली, ‘त्याला इतक्यात नको कळवू, उन्हाळा मोडेल त्याचा.’ मी ऐकलं. सोमवारी तिला पाणीही गिळवेना, तेव्हा फोन केला. गुरुवारी पहाटे साडेचारला ती गेली. बाबा गुरुवारी रात्री आले. चिठ्ठी बुधवारी संध्याकाळी हातात पडली, असं त्यांनी दारातच, बूट काढायच्याही आधी सांगितलं.

तेव्हापासून तो रविवार माझ्या मागे लागला. आईचं ऐकलं नसतं तर. साम्मोलनं पिल्लं बाजूला ठेवून आधी चिठ्ठी पोचवली असती तर. सोमवार ते बुधवार संध्याकाळ तो होता कुठे? ऑगस्टमध्ये बाबांना सामान द्यायला मी वर जायचे. दुकानात साम्मोल समोर आला की मी मासे पकडायच्या गळांच्या कपाटाकडे बघत राहायचे. नऊ वर्षं मी त्या माणसाला साधं ‘बरं आहे ना’ विचारलं नाही.

म्हणून गाईखाली सोनं निघावं, असं मला फार वाटत होतं. मला त्यातलं काही नको होतं. पण सव्वीस उन्हाळे, आणि त्यांतला आईचा शेवटचा, कशासाठी तरी गेले, एवढं डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

वाचनालयातून रजा काढून मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर आले. पहिले चार दिवस एकटीच गाईशी झटले. पहार तिच्या पोटाखाली घालून वर लटकायचे. ती हलायची नाही, मीच हलायचे. डासांनी मानेची चाळण केली. पाचव्या दिवशी मी कौकोकडे गेले.

रीत अशी, की मोठा दगड लोळवायचा झाला तर शेजाऱ्याला हाक घालायची. हाक घातली की त्यानं यायचं. भांडण असलं तरी यायचं. मोबदला म्हणजे कॉफी आणि तव्यावरचे गोड घावन. दगडाखाली काय निघेल ते जागेच्या मालकाचं, मदतीला आलेल्यानं फक्त बघायचं. कौको बाबांचा सगळ्यात जुना शेजारी. तरुणपणी जहाजावर होता, आता पंचाहत्तरीचा. पूर्वी एकाशिवाय दुसऱ्याचं पान हलायचं नाही. आई गेल्यानंतर मात्र दोघे एकमेकांकडे फिरकले नव्हते. समोरासमोर आलेच तर ओढ्याच्या पलीकडून हात वर करायचे. मला वाटायचं, काहीतरी बिनसलं असेल. बाबांना विचारलं तर म्हणायचे, त्याला त्याची कामं असतात.

कौको पन्हळीला नवी फळी ठोकत होता. तोंडात खिळे. आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. इथे कुणाला अहो म्हटलं तर तो मागे वळून बघतो.

‘दगड आहे एक,’ मी म्हटलं.

‘इथे दुसरं काय असतं?’

‘गाय.’

त्यानं तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि फळीवर ओळीनं मांडले. मग म्हणाला, ‘तिच्याखाली काही नाही.’

‘तू बघितलंयस?’

‘चाळीस वर्षं दगड लोळवतोय. वासानं कळतं.’

‘बाबांना नव्हतं कळत वाटतं.’

‘तुझ्या बाबाला माझ्यापेक्षा जास्त कळायचं.’ हातोडी उचलून त्यानं परत खाली ठेवली. ‘हे बघ हिल्का, तिला तशीच राहू दे. वरून माती लोट. तपासायला येणारा माणूस काही गाईच्या पोटाखाली वाकून बघत नाही.’

मी सांगितलं, की बाबांना मरताना शब्द दिला आहे. त्यांना बोलता येत नव्हतं तरी हाच एक दगड ते मागत होते. आणि मी रीतसर हाक घालायला आले आहे. कौकोनं फळीवरचे खिळे गोळा करून खिशात टाकले.

‘हाक घातलीस म्हणजे आलो,’ तो म्हणाला. ‘साखर जास्त ठेव. कडू कॉफीवर मी तीन टन उचलत नाही.’

तो दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी, दोन कप्प्या आणि दोन लांब पहारी घेऊन आला. अनोळखी दगडाभोवती माणूस आधी दोन फेऱ्या मारतो, पहारीनं ठोकून बघतो, कुठे वजन आहे, कुठे फट आहे ते शोधतो. कौकोनं एकही फेरी मारली नाही. सरळ मानेच्या बाजूला गेला, गुडघ्यावर बसला आणि पहारीचं टोक पहिल्याच प्रयत्नात नेमकं बसवलं. मी ते पाहिलं. जुना माणूस आहे, असं मनात म्हटलं.

साखळी काठावरच्या मोठ्या खडकाला बांधली. त्यानं पहार दाबायची, मी कप्पी ओढायची. दोन बोटं वर आली की खाली ओंडका सारायचा, वर पाचर ठोकायची, श्वास घ्यायचा. पुन्हा दोन बोटं. दुपारपर्यंत गाय तिरकी उभी राहिली, अर्धी हवेत. कॉफी आम्ही तिथेच उभ्यानं प्यायलो. दगड अर्धा उचलून कुणी लांब जात नाही. एकतर तो लोळवायचा, नाहीतर सावकाश परत खाली बसवायचा. टेकूंवर भरवसा ठेवून झोपायला गेलेल्या एकाचा पाय गुडघ्यापासून गेलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

दोनच्या सुमारास ती लोळली. मोठा आवाज झाला नाही. पायाखालची जमीन एकदा हलली, एवढंच.

मी खाली उतरले. इतकी वर्षं न हललेल्या दगडाखाली काय असतं ते मला माहीत आहे. निळसर चिकण माती, त्यात घट्ट बसलेले गोटे, कुदळीलाही न जुमानणारे. इथे त्यातलं काही नव्हतं. कातळ उघडा होता. प्रत्येक भेग आकड्यानं उकरून काढलेली, नंतर ब्रशनं झाडलेली. बाबांचं काम मी ओळखते. ते शाळेतलं टेबलही असंच झाडायचे, कोपऱ्यातून मध्याकडे. सगळ्यात रुंद भेगेत खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता, बर्चच्या सालीत गुंडाळलेला.

झाकण गंजलं होतं. चाकूनं उघडलं. आत सुपारीएवढा सोन्याचा एक खडा होता आणि त्याच्याभोवती बारीक कण. कार्नेओयावर एवढा खडा निघाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. असा खडा निघाला की निघालेल्या दिवशीच त्याचं नाव ठेवतात, सोनं खणणाऱ्यांच्या संघाच्या वहीत लिहितात, फोटो काढतात, पुढे चार उन्हाळे त्याच्याच गप्पा चालतात. हा कुणाला माहीत नव्हता.

मी वर बघितलं. कौको खड्ड्याच्या काठावर खाली बसला होता, लहान मूल बसतं तसा, पाय पसरून.

‘चिठ्ठी मंगळवारी आली होती, हिल्का,’ तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. मधेमधे थांबत, पण काही न गाळता. त्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गाय अशीच टेकूंवर उभी होती, दोघांनी मिळून उचललेली. साम्मोल गाडी वर माळावर सोडून स्वतः उतरून आला आणि चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. ती वाचून बाबांनी खिशात ठेवली. नदीवरची पुढची बोट बुधवारी दुपारी बाराची, आणि बोटीपर्यंत चार तासांची चाल. दगड खाली बसवायलाही लोळवण्याइतकाच वेळ लागला असता. तेव्हा लोळवून टाकायचा आणि सकाळी निघायचं ठरलं. सूर्य मावळत नाही असे ते दिवस, काम चालू राहिलं. पहाटे सहाला दगड लोळला. तोपर्यंत काहीही बिघडलेलं नव्हतं. बाबांना साडेसातला निघायचं होतं, आणि त्या हिशोबानं ते बुधवारी रात्री अकराला केमीत असते.

‘पण तो खडा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता,’ कौको म्हणाला. ‘भेगेत. माती पुसायचीसुद्धा गरज नव्हती. सतरा वर्षं तो माणूस याच्यासाठी वाकला होता. म्हणाला, एक परात धुतो. मी म्हणालो, परात कशाला, पन्हळीला लाव, दोन तासांत होईल, तू पोचशील. पाणी मीच सोडलं.’

दोन तासांचे तीन झाले. मग चार. प्रत्येक परातीत कण दिसत होते आणि प्रत्येक परात शेवटची होती. बाबांनी घड्याळ बघितलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बोट सुटून दोन तास झालेले. दुसरी बोट गुरुवारी.

‘मग?’

‘मग काय. संध्याकाळपर्यंत धूतच राहिला. थांबला असता तर विचार करावा लागला असता.’

आईचं सगळं आटोपून बाबा ऑगस्टमध्ये परत आले आणि त्यांनी कौकोला हाक घातली. दगड परत जागेवर बसवायचा होता. ‘चाळीस वर्षांत कुणी मला दगड आत घालायला बोलावलं नव्हतं,’ कौको म्हणाला. ‘मी विचारलं नाही कशाला. तो डबा ठेवत होता तेव्हा मी तिकडे बघितलं नाही. पण ठेवतोय हे कळलं. त्यानंतर आम्हाला एकमेकांची तोंडं बघवेनात. माझ्यात त्याला ती पन्हळ दिसायची आणि त्याच्यात मला.’

‘तू मला सांगायला हवं होतंस.’

‘त्यानं सांगायला हवं होतं.’

‘त्यांना बोलता येत नव्हतं, कौको.’

‘नऊ वर्षं येत होतं,’ तो म्हणाला.

मी डबा बंद केला, वर आले, चूल पेटवली आणि घावन केले. रीत होती. तो चार खाऊन गेला. जाताना पहारी ठेवून गेला, म्हणाला, मला लागतील.

त्या आठवड्यात मी फारसं काम केलं नाही. खड्ड्याच्या काठावर बसून त्या बुधवारच्या संध्याकाळकडे परत परत जात होते. आईला आम्ही घरीच ठेवलं होतं, समोरच्या खोलीत. त्याची बस आली का, असं तिनं दोनदा विचारलं. मी सांगितलं, नाही, चिठ्ठीच पोचली नसणार, तुला माहीत आहे ना तिथलं. अकराच्या सुमारास म्हणाली, बाहेरचा दिवा लाव. जुलैत अकरा वाजता आमच्याकडे चांगला उजेड असतो, दिव्याची गरज नसते. मी लावला. आणि मग ती म्हणाली, ‘दगड अर्धा उचललेला असेल त्याचा.’ तक्रार नव्हती. दूध चुलीवर असेल, म्हणून शेजारीण आली नसेल, असं आपण म्हणतो तसं. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलते आहे. पण आई पहिले सहा उन्हाळे बाबांबरोबर ओढ्यावर राहिली होती. अर्धा उचललेला दगड म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. तिनं त्यांना तेवढी सूट देऊन टाकली होती. दगड लोळल्यानंतर काय झालं तेही तिला उमगलं होतं का, हे आता विचारायला कुणी नाही.

आणि बाबांनी दवाखान्यात माझ्याकडे जे मागितलं ते मी उलटं समजले होते. मला वाटलं, त्यांना सोनं हवं आहे. त्यांना ते कळवायचं होतं. नऊ वर्षं वाचा होती तेव्हा जमलं नाही, आणि वाचा गेल्यावर दोन शब्द हाती लागले.

ऑगस्टच्या मध्यावर मी पीठ आणि केरोसीन आणायला खाली गेले. साम्मोल दुकानाच्या पायरीवर बसून आईस्क्रीम खात होता. साठीचा माणूस, टोपी मांडीवर. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. चिठ्ठी तू मंगळवारीच दिली होतीस, मला आता कळलं. नऊ वर्षं मी तुला दोष देत होते.

‘वाईट बातमी आणणाऱ्यावर लोक रागावतात,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, तसलंच काही असेल. म्हणून मीही बोललो नाही.’ मग विचारलं, ‘वर मच्छर फार आहेत का यंदा?’ मी म्हटलं, फार आहेत. त्यानं सरकून पायरीवर जागा केली. मी बसले. बोट येईपर्यंत आम्ही मच्छरांबद्दल बोललो.

सप्टेंबर कोरडा गेला. पहिलं दव गोठलं, माळावरची झुडपं लाल झाली आणि मच्छर संपले. मी सकाळी सातला सुरुवात करायचे आणि अंधार पडला की थांबायचे. सव्वीस वर्षांचे ढीग एकेक दगड करून खड्ड्यात परत जात होते. बाबांनी मोठे खाली, लहान वर, असे रचले होते. म्हणजे मला आधी लहान मिळत होते आणि दर आठवड्याला काम जड होत होतं. गाईला कौकोनं आणि मी सगळ्यात आधीच खड्ड्याच्या खालच्या टोकाला लोटून दिलं होतं. डबा माझ्या पिशवीत होता. पुन्हा तिथे पुरून ठेवावा, असं एकदा मनात आलं. पण पुरणं बाबांनी एकदा करून झालं होतं, त्यातून काही निभावलं नव्हतं. कौकोला देऊ केला तर तो दोन पावलं मागे सरला. शेवटी मी तो केमीला नेला. विकलेला नाही. नावही ठेवलेलं नाही.

कौको रोज दुपारी माझ्याकडे यायचा. हल्ली टेकडीच्या माथ्यावर फोन लागतो. जाता जाता तिथे चढून निरोप असला तर आणायचा. महिना संपायला नऊ दिवस होते त्या दिवशी मी ढिगाच्या अगदी तळाला पोचले होते. एक चपटा दगड होता, दारासारखा. त्याच्या एका बाजूखाली पहार घालून मी तो कमरेइतका उचलला होता आणि पायानं ओंडका आत सारत होते. वरून कौकोनं हाक दिली. राउनोचा, माझ्या नवऱ्याचा फोन आला होता. माझ्याशीच बोलायचं म्हणाला, लगेच कर.

‘हा एवढा बसवते आणि येते,’ मी म्हणाले.

कौको वाटेवर जिथे होता तिथे उभा राहिला. मी काय बोलले ते मला त्याच्या उभं राहण्यावरून ऐकू आलं. पण पहार सोडता येत नव्हती. सोडली असती तर दगड माझ्याच पायांवर आला असता. मी दोन्ही हातांनी ती दाबून धरली आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग तो उतरून आला, दुसरी पहार उचलली आणि पलीकडच्या बाजूला लागला. दगड घसरला, एकदा अडकला. पाचर काढून पुन्हा ठोकावी लागली. तो खड्ड्यात नीट आडवा पडला तेव्हा मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती.

मी टेकडीवर धावत गेले. घरी काही झालं नव्हतं. राउनोला मांजराला लस टोचायला न्यायचं होतं आणि त्याचं लसींचं पुस्तक सापडत नव्हतं. मी सांगितलं, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात, मेणबत्त्यांच्या खाली. तो म्हणाला, तुझा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, चढून आले म्हणून.

खाली आले तर कौको पहारीला टेकून उभा होता. ‘ठीक आहे ना घरी?’ त्यानं विचारलं. मी मांजराचं सांगितलं. तो हसला, मग त्याचं हसू गेलं, आणि तो तोंड फिरवून हातमोजे घालू लागला.

बाबांना मी माफ केलं, असं मला लिहिता येत नाही. ती चाळीस मिनिटं मला समजतात. मंगळवारची सबंध रात्रही समजते, कारण त्या रात्री त्यांच्या हातात पहार होती आणि वर तीन टन होते. पण बुधवारी सकाळी सहा वाजता त्यांचे हात मोकळे होते. तिथून पुढचं मला समजत नाही. मी रोज त्या कातळापाशी उभी राहून समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, आणि त्यावर दगड टाकत होते.

तीस तारखेच्या दोन दिवस आधी तपासणारा माणूस आला. तरुण होता, रबरी बूट नवे होते. तो सपाट जमिनीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. ओढा जुन्या वाटेनं वाहत होता. त्यानं विचारलं, खड्डा नेमका कुठे होता? मी दाखवलं. त्यानं कागदावर सही केली आणि माझी घेतली. वारसदार या शब्दापुढे.